मिंधेपणावरचा उतारा

९ जानेवारी

आजपासून मला स्वतःची खोली आहे. खोली म्हणजे काय, डायलिसिस विभागाच्या टोकाला सलाइनची खोकी रचून ठेवायचे ती जागा. खोकी हलली, भिंतींना पांढरा रंग बसला, एक टेबल आलं, तीन खुर्च्या आल्या. खिडकीतून रुग्णवाहिका उभ्या राहतात तो कोपरा दिसतो. दारावर ‘समुपदेशन’ असं लिहिलंय. मी बाहेर जाऊन, दार लावून, ते पुन्हा एकदा वाचलं. कॉलेजात इतकी वर्षं मानसशास्त्र शिकवलं, पण माझा विषय कधी दारावर चढला नव्हता.

विभागाचे प्रमुख अंगाने अगदी छोटेखानी आहेत, तरी सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणतात. ते म्हणाले, “सहा महिने करून बघा. किडनी बदललेल्यांची शरीरं आम्ही सांभाळतो, मनं हातातून निसटतात.” मी म्हटलं, निसटू देणार नाही. जरा जास्तच ठासून म्हटलं असावं, कारण इन्चार्ज सिस्टरनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. या बाई विभागात कित्येक वर्षं आहेत आणि मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय खाट हलवत नाहीत.

आईला सगळं सांगितलं. आई निवृत्त भाषाशिक्षिका आहे. निवृत्त फक्त शाळेतून. म्हणाली, “संधी सम् आणि उपदेशन अशी आहे, पण तू ‘सम’ धर. म्हणजे समोरच्याच्या बरोबरीने बसून बोलायचं. तुला उभं राहून बोलायची सवय आहे, तेवढी मोड.”

१६ जानेवारी

पहिला गट झाला. पाच-सहा जण होते, सगळे नवी किडनी मिळालेले, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मला नुसत्या डोळ्यांशी बोलायची सवय नाही, त्यामुळे सुरुवातीला अडखळले. मग विषय निघाला आणि मी सुटले.

मी त्यांना मेंदू समजावून सांगितला. कपाळाच्या मागे, दोन भुवयांच्या मधोमध आत एक भाग आहे. दुसऱ्याने आपल्यासाठी काय केलं आणि का केलं, याचं मोल ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मनापासून कृतज्ञ वाटतं तेव्हा तो भाग जागा होतो. गवतातून रोज चाललं की पायवाट मळते, तसं रोज थोडं थोडं केलं की मन त्या वाटेने आपसूक जाऊ लागतं. झोप सुधारते, उदासी थोडी ओसरते. हे अभ्यास अजून लहान आहेत आणि फायदा बेताचाच दिसतो, हेही सांगितलं. मात्र शेवटी आणि घाईघाईने.

रोज संध्याकाळी तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या, हा सगळीकडचाच पाठ आहे. त्यात मी माझी एक भर घातली. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून या लोकांना सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागतात, जन्मभर. मी म्हटलं, गोळी हातात घेतलीत की ज्याने किडनी दिली त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा, मनात आभार माना, मग गोळी गिळा. एका सवयीच्या पाठीवर दुसरी सवय. गोळीही चुकणार नाही, आभारही चुकणार नाहीत.

ही कल्पना पूर्णपणे माझी. कुठे वाचलेली नाही. घरी येताना जिना चढल्याचंसुद्धा कळलं नाही.

२३ जानेवारी

गटात एक वकीलकाका आहेत. त्यांना बायकोची किडनी मिळाली. म्हणतात, “बायकोचे आभार मी आधीपासूनच मानत होतो. आता कारण सांगता येतं इतकंच.” सगळे हसले.

पण माझा खरा हिरा म्हणजे कोच. पोहायला शिकवतो, तलावावरची पोरं कोच म्हणतात म्हणून इथेही तेच नाव पडलं. पस्तिशीचा आहे, खांदे रुंद, आजारपणाने आता जरा उतरलेले. थोरल्या बहिणीने त्याला किडनी दिली. आईवडील नाहीत, लग्न केलेलं नाही. शस्त्रक्रियेपासून तो तिच्याकडेच राहतो. मी विचारलं की तो न अडखळता सांगतो, “आज सकाळी ऊन छान होतं. नीट झोप लागली. आणि ताई आहे.” तिसरी गोष्ट नेहमी ताईच. मी इतरांना म्हटलं, कोचकडून शिका.

ताई बाहेर बाकावर बसलेली असते. बेकरीत भट्टीवर काम करते. हातावर तापलेल्या ट्रेचे डाग आहेत. गट संपला की कोच पटकन उठतो, तिच्या हातातली पिशवी घेतो, “तुम्ही बसा ताई, मी कागद आणतो,” म्हणतो. आजकाल असा आदर कोण ठेवतो? तिच्या चेहऱ्यावर मात्र फारसं काही दिसत नाही. थकत असेल.

कॅन्टीनवाला चांगला माणूस आहे. गट संपवून येते तेव्हा टेबलावर चहा असतो, वर बशी झाकलेली.

६ फेब्रुवारी

इन्चार्ज आज दारात उभ्या राहून म्हणाल्या, “तुमचा कोच जरा जास्तच शहाणा झालाय.”

मी म्हटलं, “धन्यवाद.”

“मी ऑपरेशनच्या आधी बघितलंय त्यांना. याच वॉर्डात भावा-बहिणीने टीव्हीच्या रिमोटवरून इतका गोंधळ घातला होता की मला रिमोट जप्त करावा लागला. आता बघावं तर अहो-जाहो.”

“सुधारणा आहे ना.”

“असेल,” म्हणाल्या आणि गेल्या. या बाईंना माझं काम पसंत नाही, हे एव्हाना मला कळलंय. जुन्या लोकांना मन म्हणजे नसते लाड वाटतात. असो, आपण आपलं काम करत राहावं.

घरी आईवर प्रयोग केला. म्हटलं, आज मनाला बऱ्या वाटलेल्या तीन गोष्टी सांग. ती म्हणाली, “दुपारी तू घरी नव्हतीस. संध्याकाळीही उशिरा आलीस. तिसरी उद्या सांगते.”

१८ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांनी बोलावून सांगितलं की मे महिन्यात किडनीतज्ज्ञांचं संमेलन आहे आणि त्यात माझ्या प्रयोगावर बोलण्यासाठी त्यांनी वेळ मागून घेतला आहे. मोठ्या सभागृहात. मी “बघू, जमेल तसं” म्हटलं आणि खोलीत येऊन दार लावून दोन्ही मुठी आवळल्या. कोचचं उदाहरण घ्यायचं ठरवलं आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, “घ्या की मॅडम. तुमच्या उपयोगी पडलो तर बरंच आहे.”

किती समजूतदार आहे हा मुलगा. मुलगा काय, चांगला बाप्या आहे, पण मला मुलगाच वाटतो.

३ मार्च

कोच भरती झाला आहे. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी नीट गाळत नाही; पाय सुजलेत. काल रक्त तपासलं, आज सकाळी किडनीचा बारीक तुकडा काढून बघितला. शरीर किडनीला नाकारू लागलं आहे.

मोठे डॉक्टर माझ्या खोलीत आले. बसले नाहीत. म्हणाले, “रक्तात औषध हवं त्याच्या निम्मंही नाही. गोळ्या चुकवतोय. एकदा-दोनदा नव्हे, बरेच दिवस.”

मी म्हटलं, शक्य नाही. कोणीही चुकवेल, कोच चुकवणार नाही.

ते म्हणाले, “रक्त खोटं बोलत नाही हो.”

४ मार्च

आज लिहावंसं वाटत नाही, तरी एवढं लिहिते.

ताई बाकावर होती. मला बघून उठली. मला वाटलं, आता जाब विचारणार. तिने खाली बघत विचारलं, “माझीच किडनी खराब निघाली का? मी भट्टीपाशी काम करते, उष्णतेने आधीच काही झालेलं असेल. तपासताना राहून गेलं असेल. खरं सांगा, मला चालेल.”

मी तिचा हात धरला आणि सांगितलं की किडनी उत्तम होती, उत्तम आहे, तुमच्यात काहीही कमी नाही. गोळ्यांबद्दल मी बोलू शकत नव्हते, ते त्याचं त्याने सांगायचं. ती मान हलवत राहिली. तिला पटलं नाही हे मला दिसत होतं. इतके आठवडे ही बाई माझ्या दारापासून चार पावलांवर बसत होती आणि मी तिला एकदाही आत बोलावलं नव्हतं. गट किडनी मिळालेल्यांचा होता. देणाऱ्यांना आपल्याकडून काही हवं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आज इन्चार्ज रजेवर आहेत. चहा नव्हता. कॅन्टीनवाला विसरला असेल.

५ मार्च

कोचकडे गेले. सलाइनमधून औषध चालू होतं. तो छताकडे बघत पडला होता. मी स्टूल ओढून बसले.

“मी रागवायला आलेली नाही,” मी म्हटलं.

“रागवा की. कुणीतरी रागवा. सगळे माझ्याशी गोड बोलतात, मॅडम. मीसुद्धा सगळ्यांशी गोड बोलतो. तोंडाची चव गेली.”

“कुठल्या गोळ्या चुकवल्यास?”

“संध्याकाळच्या. सकाळी ताई समोर असते. संध्याकाळी ती बेकरीत.”

“का रे?”

मी काही सुचवलं नाही, निदान आज तरी. मग तो म्हणाला, “तुम्ही सांगितलं होतं ना, गोळी हातात घेतली की देणाऱ्याचा चेहरा आठवायचा. मी आठवायचो. मनापासून आठवायचो. मग तिच्या पोटावरचे टाके आठवायचे. शुद्धीवर येताना ती कण्हत होती ते आठवायचं. पूर्वी पिठाचं पोतं एकटी उचलायची, आता दुसऱ्याला हाक मारते, ते आठवायचं. बोटांत गोळी धरून बसायचो आणि घशाखाली आवंढासुद्धा उतरायचा नाही. मग म्हणायचो, आज सुट्टी. एकच दिवस. ताईपासून नाही हो सुट्टी. त्या आठवणीपासून.”

माझी स्वतःची भर. कुठे न वाचलेली.

“आणि गटात तू जे सांगायचास?”

“ते खोटं नव्हतं. मला तिच्याबद्दल वाटतंच. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी आहे. मी मिंधा झालोय तिचा. साधं ‘सूप खारट झालंय’ एवढं म्हणायला जीभ रेटत नाही. मला मीठ कमी करायला सांगितलंय तुम्हीच, तरी निमूट पितो. जिने किडनी दिली तिला खारट झालंय कसं म्हणायचं? पूर्वी मी तिला नावं ठेवायचो, ती मला चापट मारायची. आता मी तिला अहो म्हणतो. का म्हणतो कुणास ठाऊक. तोंडातून तसंच येतं.”

उठताना मी म्हटलं, “तो गोळीचा पाठ माझी चूक होती. आजपासून बंद. गोळी ही नुसती गोळी. पाण्याबरोबर घ्यायची आणि विसरायची.”

“नुसती गोळी?”

“नुसती.”

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

९ मार्च

विभागाची बैठक झाली. मी उभी राहिले आणि काय झालं ते सांगितलं, म्हणजे गोळीच्या जोडीला मी आठवण बांधली आणि त्या आठवणीपायी गोळी सुटली. आवाज थरथरला नाही, याचं मला बरं वाटलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, “मग गट बंद ठेवू. तुमचा हेतू चांगला होता, पण इथे किडनी पणाला लागते.”

तेव्हा इन्चार्ज चष्मा पुसत म्हणाल्या, “डॉक्टर, टाका चुकला तर आपण उसवून पुन्हा घालतो. पेशंटला तसाच घरी पाठवत नाही. आणि कोचने खाटेवर पडून जे सांगितलं ते त्याने तुम्हाला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. यांना सांगितलं.”

मोठे डॉक्टर त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “आधी त्या दोघांचं काय ते बघा. मग ठरवू.”

बाहेर आल्यावर मी इन्चार्जना विचारलं, तुम्ही माझी बाजू का घेतलीत. त्या म्हणाल्या, “बाजू कसली. मला त्या खोलीत परत खोकी नकोत,” आणि तरातरा निघून गेल्या.

१४ मार्च

शनिवार. दिवसभर वाचलं. कृतज्ञतेवरचं मी पुष्कळ वाचलं होतं. तिच्या सख्ख्या शेजारणीवरचं, म्हणजे मिंधेपणावरचं, वाचलंच नव्हतं. कोणी मदत केली की मनात दोन वाटा फुटतात. याने हे प्रेमाने केलं असं वाटलं तर ऊब येते, जवळीक वाटते. आता मला याची भरपाई केली पाहिजे असं वाटलं तर अपराधीपणा येतो, माणूस तोंड चुकवू लागतो. मेंदूची चित्रं काढून बघणाऱ्यांनाही या दोन गोष्टी अगदी एकसारख्या दिसत नाहीत. बाहेरून मात्र दोन्ही सारख्याच: दोघांच्याही तोंडी ‘आभारी आहे’. मी तोंडाकडे बघत होते.

अजून एक सापडलं. आभार मानण्याइतकंच, कदाचित जास्त, आपले आभार कोणी मनापासून मानताना ऐकणं मनाला हलवतं. आणि तेही यादीने नाही, गोष्टीने. कोणी अडचणीत होतं, कोणी हात दिला, पुढे काय झालं, अशी खरी गोष्ट.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. जाणणारा माणूस ताठ उभा राहू शकतो. मिंध्याची मान खाली. पण गंमत बघ, मान खाली गेलेल्या माणसाला उपदेश काय करतात? अजून जाण ठेव.” मग म्हणाली, “तू सांगितलंस का त्या डॉक्टरांना, चूक झाली म्हणून?”

“सांगितलं. उभं राहून.”

“ते उभं राहणं चालेल,” आई म्हणाली.

२१ मार्च

हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवायचं आहे.

कोचला घरी सोडलं आहे. क्रिएटिनिन उतरतंय. त्याने ताईला गोळ्यांचं स्वतः सांगितलं होतं. दोघांना आज एकत्र बोलावलं, आधी दोघांना वेगवेगळं विचारून. तीन खुर्च्या होत्याच. तो तिच्यासाठी खुर्ची ओढायला गेला, मी म्हटलं, “राहू दे, तिला हात आहेत.”

मी ताईंना म्हटलं, “आजवर सगळ्यांनी याला विचारलं, तुला मिळालं तेव्हा कसं वाटलं. तुम्हाला देताना कसं वाटलं, ते कोणी विचारलं का?”

“नाही. सगळे म्हणतात, धन्य तुझी. मग काय बोलणार?” ती थोडा वेळ बोटांवरचा डाग चोळत राहिली. “खरं सांगू? मला फार मस्त वाटलं होतं. सर्जन मला बघायला आले ना, तेव्हा म्हणाले, तुमची किडनी जोडल्या जोडल्या टेबलावरच कामाला लागली. मी बेकरीत सगळ्यांना सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. शाळेत मी कशात पहिल्या फटक्यात पास झाले नव्हते. लग्नातही नापास. ही एक गोष्ट बघा, टेबलावरच पास.”

कोच तिच्याकडे बघत होता. “मला कधी बोलला नाहीत.”

“तुला कशी बोलणार? मी तोंड उघडलं की तू उभा राहतोस. घरात बहीण आहे की मुख्याध्यापक? आणि मग तू गोळ्या चुकवल्यास. मला वाटलं, याला माझी वस्तू नकोच आहे.”

तो काहीतरी पुटपुटला. मी त्याला थांबवलं आणि ताईंना विचारलं, याच्याबद्दल एखादी गोष्ट आहे का, जी तुम्ही याला कधी सांगितली नाही.

ती म्हणाली, “माझं लग्न मोडलं तेव्हा मी घरी येऊन खोलीत बसले. खायची नाही, केस विंचरायची नाही. सगळे समजूत घालायचे. हा तेव्हा शर्यतीची तयारी करत होता, कॉलेजात असेल. याने समजूत घातली नाही. सकाळी दार बडवायचा, म्हणायचा, चल, मला घड्याळ धरायला कोणी नाही. मी शिव्या घालत जायची. तलावाच्या काठावर घड्याळ धरून बसायची. रोज. हळूहळू केस विंचरायला लागले, कारण तिथे लोक असत. मग तिथल्या एका बाईनेच बेकरीतली नोकरी सांगितली. पुष्कळ वर्षांनी कळलं की क्लबात घड्याळ धरायला पगारी माणूस होता. याला माझी गरज नव्हती. मला बाहेर काढायला याने नाटक केलं. कोणाला सांगितलं नाही. मी याला कधी थँक्यू म्हटलं नाही. आज म्हणते. तू नसतास तर मी त्या खोलीतच राहिले असते.”

कोचने मास्क नाकावर सारखा केला, पुन्हा केला. डोळे भरले होते. मग तो म्हणाला, “नाटक नव्हतं ते.”

“म्हणजे?”

“पगारी माणूस होता, खरं आहे. पण तो नुसता आकडा सांगायचा. तू काठावरून ओरडायचीस, ‘मेलास का तिकडे? हात हलव.’ तू ओरडलीस की मी जोरात पोहायचो. मी जिंकलो ती शर्यत तुझ्यामुळे. मला गरज होती. फक्त तू घड्याळ नेहमी उशिरा दाबायचीस.”

“मी? मी बरोबर दाबायची.”

“अगं, मी भिंतीला हात लावून केस झटकायचो, तेव्हा तू दाबायचीस. तुझ्यामुळे माझी वेळ कायम वाईट लागायची.”

“तूच हळू होतास.”

‘तू’ म्हणाला, ‘अगं’ म्हणाला. मी ऐकलं. दाराशी इन्चार्ज कशासाठी उभ्या होत्या माहीत नाही, पण त्यांनीही ऐकलं असावं. त्या लगेच औषधांची ट्रॉली ढकलत पुढे गेल्या. ट्रॉली रिकामी होती.

मी त्या खोलीत फार काही केलं नाही. एक प्रश्न विचारला आणि एकदा खुर्ची ओढू दिली नाही. तरी लिहिते: आज मी चांगलं काम केलं.

१७ एप्रिल

गट पुन्हा सुरू झाला. आता देणारे आणि घेणारे दोघेही आत बसतात. खुर्च्या कमी पडतात म्हणून बाहेरचा बाकच आत आणला. गोळीबरोबर काही आठवायचं नाही, हा पहिला नियम. रोज अमुक इतक्या गोष्टी मोजायच्या नाहीत, हा दुसरा. ज्याला ओझं वाटतंय त्याने ओझं म्हणावं, त्याला कोणी कृतघ्न म्हणणार नाही. आणि आठवड्यातून एकाने एक खरी गोष्ट सांगायची, ज्याच्याबद्दल आहे त्याच्या समोर.

वकीलकाकांच्या पत्नी आज पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, “हे रोज आभार मानतात, त्याने मला झोप येते. त्यापेक्षा भांडी घासा.” काका म्हणाले, “हरकत घेतो.” पण त्यानंतर त्या दोघांनी जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, त्यांचं आहे.

कोचचं रक्त व्यवस्थित. औषध जिथे हवं तिथे आहे. किडनीचं थोडं नुकसान झालं ते झालंच, डॉक्टर म्हणाले. पण उरलेली उत्तम चालते आहे. ताईने सर्जनचं म्हणणं त्यांनाही ऐकवलं. टेबलावरच पास.

२३ मे

संमेलनात बोलले. सभागृह खरंच मोठं होतं.

मी चुकीपासून सुरुवात केली. पहिल्या रांगेत चुळबुळ झाली. अशा ठिकाणी लोक यशापासून सुरू करतात. मग सांगितलं की कृतज्ञता हे औषध असेल तर त्याचीही मात्रा असते, आणि कोणाला देऊ नये हेही असतं. दबलेल्या माणसाला ती मागून मिळत नाही, त्याच्या पाठीवरचं आधी उतरवावं लागतं. आमच्याकडचा अनुभव मोजक्या माणसांचा आहे, यावरून मोठं काही सिद्ध होत नाही, हे या वेळी मी शेवटी नाही, मधोमध आणि सावकाश सांगितलं. कोचबद्दल त्याने परवानगी दिली होती तेवढंच सांगितलं.

एका तरुण डॉक्टरने विचारलं, “चूक जाहीर सांगताना तुम्हाला कमीपणा वाटला नाही का?” मी म्हटलं, “वाटला. पण पेशंटने आधी सांगितली होती. त्याच्या मागे राहणं बरं दिसत नाही.”

मोठे डॉक्टर जिन्यात भेटले. म्हणाले, “सहा महिन्यांचं सोडा. खोली तुमचीच.” एवढंच म्हणून भराभर उतरून गेले.

आईने रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. “‘प्रक्रिया’ हा शब्द फार वेळा आला,” म्हणाली. नंतर ती फोनवर मावशीशी बोलत होती. दार लोटलेलं होतं, तरी ऐकू आलं: “अगं, तिथे सगळे डॉक्टर, आणि आमची एकटी उभी राहून त्यांना शिकवत होती.” मी न ऐकल्यासारखं केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तीच भांडी पुन्हा विसळली.

१९ जून

आज दुपारी खोलीत बसून अहवाल लिहीत होते तेव्हा बाहेर आरडाओरडा ऐकू आला. बाहेर आले. तपासणीच्या रांगेत कोच आणि ताई समोरासमोर उभे होते.

“डॉक्टरांनी मला तलावावर जायची परवानगी दिलीय, काठावरून शिकवायची. तुला कोणी सांगितलं मध्ये पडायला?”

“मी मध्ये पडत नाही, मी पोहायला शिकणार आहे. फी भरून. तुझ्या तलावात.”

“माझ्या वर्गात लहान पोरं आहेत. तू पाण्यात पडलीस तर पाणी बाहेर येईल.”

“बघा, बघा याची भाषा. मोठ्या बहिणीशी असं बोलतात?”

“मग लहान भावाच्या तलावात कशाला तडमडतेस?”

“येणारच. सोमवारपासून. काय करायचं ते कर.”

रांगेतली माणसं वळून बघत होती. सुरक्षारक्षक लगबगीने माझ्याकडे आला. “मॅडम, थांबवू का यांना? हॉस्पिटल आहे.”

इन्चार्जही आल्या होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले, तोंड उघडलं आणि मग माझ्याकडे बघून मिटलं.

“थोडा वेळ चालू दे,” मी रक्षकाला म्हटलं. “फार मेहनतीने सुरू केलंय.”

आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. ताईचा आवाज चढलेला होता, कोचचा तिच्याहून वर.